झुलत्या दरवाजांसाठी पिव्हट, फ्लोअर स्प्रिंग आणि क्लोजर: निवड कशी करावी, बसवावे कसे?

लष्करकर (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या मंडळाचे जुने सभागृह आहे. गणेशोत्सव, व्याख्याने, हळदीकुंकू, ज्येष्ठांच्या बैठका असे सगळे कार्यक्रम तिथेच होतात. त्याचे तीन दरवाजे बदलायचे ठरले असून ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

मुख्य प्रवेशद्वार पश्चिमेला, थेट रस्त्यावर उघडते. त्याची मोकळी रुंदी दोन मीटर आहे. त्यात १००० मिमी रुंद आणि २१०० मिमी उंच अशा दोन झडपा बसतील. समितीतील बहुतेकांना १२ मिमी टफन्ड (तापवून कडक केलेली) काच हवी आहे आणि ती आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारी असावी, असा त्यांचा आग्रह आहे. दुसरा दरवाजा स्वयंपाकघर आणि पंगतीचे दालन यांच्या मधला. हातात पातेले घेतलेल्या वाढप्याला तो खांद्याने ढकलता आला पाहिजे. तिसरा पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयाचा. तो लाकडी फ्लश दरवाजा आहे आणि हळू, आवाज न करता मिटावा एवढीच अपेक्षा आहे.

लोहिया बाजारात चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप मिटवणारे, फरशीत बसणारे यंत्र) सुचवली, दुसऱ्या ठिकाणी वरचा क्लोजर (तेच काम करणारे, दाराच्या वरच्या भागात बसणारे यंत्र), आणि दोन्हीकडे एकच सल्ला मिळाला की जमेल तेवढा मजबूत नंबर, म्हणजे जास्त जोराचे यंत्र, घ्या. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले सभासद मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे त्या सल्ल्याविषयी मनात शंका आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

राजवाडा_इंदूर

इंदूरला आमच्या संकुलातील कार्यालयाला काचेचे दार आहे. मुख्य दारासाठी फ्लोअर स्प्रिंगच घ्यावी, वरचा क्लोजर काचेवर शोभत नाही. उन्हाळ्यातल्या वावटळीत दार सारखे उघडत असेल, तर एक नंबर वरचा घेतला की काम होते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. तुमच्या दाराचे तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा वाऱ्याचा विचार जरूर करावा.

ओळंबा (ग्वाल्हेर)

लष्करकर, तुमची शंका अगदी रास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. राजवाडा यांनी वाऱ्याचा मुद्दा काढला हे फार चांगले झाले. मात्र वाऱ्यासाठी क्लोजरचा नंबर वाढवणे हा उपाय तुमच्या सभागृहाला परवडणारा नाही. पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्या हातांना परवडणार नाही.

आधी झडपेचे वजन काढू. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असते. म्हणजे १२ मिमी काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते. तुमची झडप २.१ चौरस मीटरची आहे, तेव्हा ती ६३ किलोची झाली. युरोपीय मानक ईएन ११५४ नुसार क्लोजरचे १ ते ७ असे नंबर असतात. नंबर ३ हा ९५० मिमी रुंदी आणि ६० किलोपर्यंतच्या झडपेसाठी, नंबर ४ हा ११०० मिमी आणि ८० किलोपर्यंत, तर नंबर ५ हा १२५० मिमी आणि १०० किलोपर्यंत. रुंदी आणि वजन यांपैकी जे मोठा नंबर मागेल तो धरायचा. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी नंबर ४ कडेच बोट दाखवतात. आपल्याकडे फ्लोअर स्प्रिंगसाठी आयएस ६३१५ आणि वरच्या हायड्रॉलिक क्लोजरसाठी आयएस ३५६४ ही भारतीय मानके आहेत. खोक्यावर मानकाचा उल्लेख आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आता वाऱ्याकडे वळतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारनंतर पश्चिमेकडून लू किंवा धुळीची आंधी येते. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा सपाट दारावर ढोबळमानाने ७० पास्कल दाब देतो. तुमच्या एका झडपेवर तो सुमारे १५० न्यूटन होतो. हा जोर झडपेच्या मध्यावर लागतो असे धरले आणि पिव्हट (झडप ज्यावर फिरते ती खुंटी) कडेपासून ६५ मिमी आत असला, तर दार उघडू पाहणारे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, सुमारे ६५ न्यूटन-मीटर होते. नंबर ४ चा क्लोजर मिटलेल्या अवस्थेत दाराला २६ ते ३७ न्यूटन-मीटरनेच धरून ठेवतो. नंबर ५ ची मर्यादाही ५४ आहे. म्हणजे दोन्हीकडे उघडणाऱ्या झडपेला या वाऱ्यात मिटलेले ठेवायचे असेल, तर नंबर ६ हवा. त्या नंबरला दार उघडण्यासाठी मानकाने १३४ न्यूटन-मीटरपर्यंत आघूर्ण लागू दिले आहे, आणि पिव्हटपासून ९० सेंटिमीटरवरच्या मुठीवर ते साधारण १५ किलोच्या जोराइतके भरते. गुडघेदुखी असलेल्या, एका हातात काठी धरलेल्या आजींनी तो जोर लावावा अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. नंबर ४ ला हाच आकडा जास्तीत जास्त सात किलोच्या आसपास येतो. तोही ज्येष्ठांसाठी कमी म्हणता येत नाही, पण चांगल्या बनावटीच्या क्लोजरमध्ये प्रत्यक्ष जोर या मर्यादेच्या बराच खाली असतो.

म्हणून मुख्य दार दुतर्फा उघडणारे ठेवण्याचा आग्रह समितीने सोडावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. फक्त बाहेर उघडणारे दार चौकटीच्या खाचेवर किंवा थांब्यावर टेकते, त्यामुळे पश्चिमेचा वारा त्याला उघडण्याऐवजी आणखी घट्ट दाबून धरतो. राष्ट्रीय इमारत संहितेतही गर्दीच्या जागेतून बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या दिशेने उघडावे, अशीच अपेक्षा आहे. अशी व्यवस्था केली की वाऱ्यासाठी नंबर वाढवण्याचे कारणच उरत नाही. मात्र दार उघडताना वाऱ्याने ते हातातून हिसकावून भिंतीवर आपटू नये, म्हणून क्लोजरमध्ये बॅक-चेक असणे आवश्यक आहे. साधारण ७० अंशांच्या पुढे तो दाराला तेलाच्या दाबाने आवरून धरतो. याशिवाय दाराबाहेर जागा असेल, तर दोन मीटर खोलीचा आडोसा किंवा काचेची छोटी ओवरी करून घ्यावी. वाऱ्यावर याहून चांगला इलाज मला माहीत नाही.

वाचनालयप्रेमी

ओळंबा काका, हिशेब वाचून बरे वाटले, कारण दार जड झाले की ज्येष्ठ माणसे यायचीच बंद होतात, हे मी आमच्या वाचनालयात पाहिले आहे. जोर घरच्या घरी मोजता येतो का? आणि दार किती वेळात मिटावे, याचा काही निकष आहे का?

ओळंबा (ग्वाल्हेर)

येतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकचा काटा मुठीला अडकवावा, दाराशी काटकोनात हळूहळू ओढावे आणि झडप हलू लागते तेव्हाचा आकडा वाचावा. दार ओढून उघडत नसेल, तर मुठीला दोरी बांधून पलीकडच्या बाजूने ओढावे. मिटण्याच्या वेळेबाबत अमेरिकेतील सुगम्यता मानक मला उपयोगी वाटते. त्यात ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत येण्यास किमान पाच सेकंद लागावेत असे म्हटले आहे, आणि आतल्या साध्या दारासाठी ढकलण्याचा जोर २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोपेक्षा जास्त नसावा असेही आहे. अग्निरोधक दारांना ही जोराची मर्यादा लागू होत नाही. तुमच्या वाचनालयाच्या दारासाठी हेच लक्ष्य ठेवावे.

मांडवी_वडोदरा

मी वडोदऱ्याहून लिहीत आहे. फ्लोअर स्प्रिंग घेण्याआधी पाण्याचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांच्या फ्लोअर स्प्रिंग गाळाने भरल्या. वरून झाकणपट्टी चकचकीत दिसत होती, पण ती उघडल्यावर पेटीत काळा चिखल साठलेला होता आणि स्पिंडलभोवती गंज चढला होता. पूर आला नाही तरी रोज फरशी धुतल्याने हेच घडते, फक्त वेळ जास्त लागतो. यंत्र बसवून, दार जुळवून झाल्यावर पेटीतली मोकळी जागा उत्पादकाने सुचवलेल्या डांबरी किंवा मेणासारख्या भरावाने भरून घ्यावी. मात्र तिथे सिमेंट ओतू नये, कारण पुढे यंत्र बदलायचे झाल्यास फरशीच फोडावी लागते.

लष्करकर, तुमच्या प्रवेशद्वाराशी पायरी आहे की रस्ता आणि फरशी एकाच पातळीत आहेत?

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन पायऱ्या आहेत, त्यामुळे रस्त्याचे पाणी आत येत नाही, पण सभागृह मात्र प्रत्येक कार्यक्रमानंतर धुतले जाते. फरशी ग्वाल्हेरी वालुकाश्माच्या जाड लाद्यांची आहे आणि ती फोडावी लागू नये, असे सगळ्यांनाच वाटते. फ्लोअर स्प्रिंगसाठी किती खोल खड्डा लागतो? आणि दार एकतर्फी करायचे ठरले, तर काचच घ्यावी का?

ओळंबा (ग्वाल्हेर)

पेटी साधारण ३०० मिमी लांब, १०० ते १२० मिमी रुंद आणि ४० ते ५० मिमी खोल असते. नेमके माप मॉडेलप्रमाणे बदलते. तळमजल्यावर खड्ड्याची अडचण नाही, पण वालुकाश्म थरांनी फुटतो. छिन्नी-हातोडा लावला तर लादी कडेपर्यंत उकलते. त्यामुळे चारही बाजू हिऱ्याच्या पात्याने कापूनच आतला भाग काढावा. पहिल्या मजल्यावर मात्र असा खड्डा घेऊ नये, कारण फरशीखालचा थर संपला की स्लॅबची सळई लागते आणि ती कापून बसवलेला दरवाजा कुठल्याच किमतीत स्वस्त नाही.

काचेविषयी माझे मत असे, की सारखी ये-जा असलेल्या, मुलांच्या वावराच्या सभागृहाला ॲल्युमिनिअमच्या किंवा सागवानी चौकटीत बसवलेली काच अधिक योग्य ठरेल. नुसत्या काचेच्या झडपेला पॅच फिटिंग (काचेचे कोपरे पकडणारे धातूचे तुकडे) लागते, आणि त्यासाठीचे कोपरे व छिद्रे काच टफन करण्याआधीच कापावी लागतात. टफन झालेल्या काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ती तत्क्षणी चूर होते. तरीही नुसती काचच हवी असेल, तर ज्या मॉडेलची फिटिंग घेणार त्याचाच आराखडा काचवाल्याला द्यावा. बसवताना पॅचच्या आत येणारा काचेचा भाग स्पिरिटने पुसून घ्यावा. तिथे बोटांचा तेलकटपणा राहिला, तर पॅचमधली काच हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत झडप फरशीला घासू लागते. धातू आणि काच यांच्यामध्ये गॅस्केट असायलाच हवे.

चौकटीची झडप घेतली, तर कडेचा पिव्हट वापरता येतो. त्यात फिरण्याचा बिंदू झडपेच्या कडेबाहेर, पृष्ठभागाच्या थोडा पुढे असतो, साधारणपणे १९ मिमी. अशी झडप बिजागरीच्या दारासारखीच एका बाजूला उघडते, आणि सगळे वजन खालचा पिव्हट फरशीवर देतो. मिटवण्याचे काम वरचा क्लोजर करील, तेव्हा फरशीत खड्ड्याची गरजच पडणार नाही, फक्त खालच्या पिव्हटचे छोटे पाते लादीवर पक्के करावे लागेल. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खालचा पिव्हट वजन पेलतो म्हणून वरच्याला काम नाही, असे समजले जाते, ते बरोबर नाही. ६० किलोची, एक मीटर रुंदीची झडप वरच्या पिव्हटला सतत सुमारे १४ किलोच्या जोराने आडवी ओढत असते. चौकटीच्या वरच्या पट्टीत तो दोन आखूड स्क्रूंवर बसवला, तर झडप पुढून लोंबते आणि दोष मात्र क्लोजरला दिला जातो.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे भरतात याची खात्री करून घ्यावी. मग वरच्या पिव्हटचा मध्य नक्की करून तिथून ओळंबा सोडावा. ओळंब्याची डोलणी पूर्ण थांबू द्यावी, त्यासाठी पंखे बंद करावेत. टोक जिथे स्थिरावेल तिथेच खालच्या पिव्हटचा मध्य टोकदार सुईने खुणावावा. जाड पेन्सिलीच्या रेघेतच दीड-दोन मिलिमीटर निघून जातात, आणि तेवढ्यानेही रुंद झडप आपोआप एका बाजूला फिरू लागते. क्लोजर न लावता झडप लटकवावी, ३०, ६० आणि ९० अंशांवर सोडून पाहावी. तिन्ही ठिकाणी ती स्थिर राहिली तरच क्लोजर हाती घ्यावा. वाकडे लटकलेले दार जोरदार क्लोजरने खेचून मिटवले जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. काही दिवस तसे चालते, नंतर पिव्हटचे बेअरिंग झिजते आणि मग खर्च दुप्पट होतो.

बांधकामप्रेमी_पुणे

क्लोजरचा हात, म्हणजे क्लोजरला जोडलेला दांडा, समांतर लावावा की सरळ? बाहेर उघडणारे दार आहे म्हणून विचारतो.

ओळंबा (ग्वाल्हेर)

चांगला प्रश्न. सरळ पद्धतीत क्लोजर झडपेच्या ओढायच्या बाजूला बसतो. इथे ती बाजू बाहेरची, पश्चिमेच्या उन्हातली आणि पावसातली आहे. म्हणून क्लोजर आतल्या बाजूलाच हवा. तिथे दोन पर्याय राहतात. झडपेवर क्लोजर आणि चौकटीखाली समांतर हात, किंवा क्लोजर चौकटीच्या वरच्या पट्टीवर आणि त्याचा हात झडपेवर. समांतर हातात मिटवण्याचा जोर साधारण पाव हिस्सा तरी कमी होतो. चौकटीची वरची पट्टी पुरेशी रुंद असेल, तर मी दुसरा पर्याय निवडेन. त्यात जोर वाया जात नाही, त्यामुळे मोठा नंबर घ्यावा लागत नाही.

राजवाडा_इंदूर

वाऱ्याचा हिशेब पटला. आमच्या दाराचा जोर मीही काट्याने मोजून पाहणार आहे. स्वयंपाकघराच्या दाराबद्दल मात्र लिहावेसे वाटते. आमच्याकडे तिथे दुहेरी स्प्रिंग बिजागऱ्या आहेत. त्या स्वस्त पडतात, पण दार सोडल्यावर पाच-सहा हेलकावे खाते आणि पाठोपाठ येणाऱ्या वाढप्याला लागते.

ओळंबा (ग्वाल्हेर)

अगदी बरोबर निरीक्षण आहे. दुहेरी स्प्रिंग बिजागरीत, म्हणजे आयएस ४५३ च्या जातीत, हेलकावा शमवणारे तेल नसते. पंगतीच्या वेळी दोन्हीकडून ये-जा असते, म्हणून तिथे दुतर्फा फ्लोअर स्प्रिंगच योग्य, आणि त्या दारावर वारा येत नसल्याने दुतर्फा उघडण्याला हरकतही नाही. ९० अंशांवर थांबणारे मॉडेल घ्यावे. पंगत सुरू असेपर्यंत दार उघडे ठेवता येते आणि कुणी त्याखाली वीट सरकवत नाही. झडपेत डोळ्यांच्या उंचीला काचेची खिडकी मात्र हवीच, ती मुलांनाही पलीकडचे दिसेल इतकी खालपर्यंत आणावी.

या दरवाजात एक धोका आहे, तो नीट समजून घ्यावा. पिव्हट कडेपासून ६५ ते ७० मिमी आत असल्यामुळे झडप एका बाजूला उघडली, की तिची मागची कड दुसऱ्या बाजूला बाहेर येते. त्या फटीत लहान मुलाचे बोट सहज जाते आणि झडप मिटताना चिरडते. झडपेची मागची कड गोलाकार करून चौकटीतही तशीच खोबणी घेतली, तर फट सगळीकडे सारखी आणि अगदी बारीक राहते. सुताराला हे काम आधीच सांगावे, कारण लॅमिनेट चढवल्यावर ते करता येत नाही. मंडळात मुले येतात, तेव्हा यात कसूर करू नये.

वाचनालयाच्या फ्लश दरवाजाला तीन चांगल्या बिजागऱ्या आणि नंबर २ किंवा ३ चा, जोर कमी-जास्त करता येणारा वरचा क्लोजर पुरेल. झडप आतून पोकळ असेल, तर लाकडी स्क्रू धरत नाहीत. आरपार बोल्ट घालावेत.

लष्करकर (ग्वाल्हेर)

समितीसमोर हा धागा वाचून दाखवला. मुख्य दार सागवानी चौकटीत काच, फक्त बाहेर उघडणारे, कडेच्या पिव्हटवर आणि बॅक-चेकच्या क्लोजरसह करायचे ठरले आहे. आडोशासाठी पायऱ्यांच्या वरच्या जागेचे माप घेतले, दीड मीटर मिळते. शेवटचा प्रश्न असा, की उन्हाळ्यात दार धाडकन मिटते आणि जानेवारीत अर्ध्यातच रेंगाळते, ही आमची जुनी तक्रार आहे. नव्या क्लोजरचेही तसेच होईल का?

ओळंबा (ग्वाल्हेर)

दीड मीटरही उपयोगाचे आहे, फक्त बाहेर उघडलेली झडप आडोशाच्या भिंतीवर आपटणार नाही, हे आखणीतच पाहावे.

तक्रारीचे कारण तेल आहे. ग्वाल्हेरच्या थंडीत पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा तेल घट्ट होते. मे महिन्यात ते पातळ होते आणि क्लोजरच्या व्हॉल्व्हमधून भराभर वाहते. तापमानानुसार कमी बदलणारे तेल किंवा आपोआप जुळवून घेणारा व्हॉल्व्ह असलेले क्लोजर मिळतात. पश्चिमेच्या दाराला तोच घ्यावा आणि आतल्या दोन दारांवर पैसे वाचवावेत. साधा घेतला, तर ऑक्टोबर आणि मार्चमध्ये व्हॉल्व्ह फिरवावा लागेल. मिटण्याच्या मुख्य वेगाचा आणि शेवटच्या काही अंशांचा असे दोन व्हॉल्व्ह असतात. एका वेळी एकच, तोही पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवावा, आणि प्रत्येक वेळी दार पूर्ण उघडून सोडून पाहावे. व्हॉल्व्ह पूर्ण बाहेर काढला की तेल सांडते आणि यंत्र निकामी होते. दार मिटत असताना त्याला हाताने पुढे रेटू नये, असेही सभासदांना सांगावे. तेलाचा दाब वाढून सील फुटते.

मिस्त्रीकडून क्लोजरसोबतचा आराखडा आणि ॲलन की मागून घेऊन कार्यालयात ठेवावी. आराखड्यावरच्या भोकांच्या मापांवरूनच पुढे बदलीचा क्लोजर त्याच भोकांत बसेल की नाही, हे कळेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ठीक आहे. लादी कापणाऱ्याला स्वयंपाकघराच्या पेटीचे माप आणि सुताराला मागच्या कडेचा गोलवा उद्याच कळवतो. दार बसल्यावर काट्याने मोजलेले आकडे इथेच लिहीन.